निवांत ग्रामीण रस्त्यांवरचा सायकलमार्ग कसा आखावा

एखादा रस्ता निवांत का आहे, हे नकाशा उघडण्याआधीच विचारले तर मार्ग आखण्याचे निम्मे काम तिथेच होते. बारीक रेषेने दाखवलेला प्रत्येक रस्ता शांत नसतो आणि रुंद दिसणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर वर्दळ नसते. वाहने एखाद्या रस्त्याकडे फिरकत नाहीत याची कारणे साधारणपणे दोनच असतात. एक तर त्याच ठिकाणी लवकर पोहोचवणारा दुसरा रस्ता जवळून जात असतो, किंवा त्या रस्त्याच्या टोकाला बाहेरच्या माणसाला ओढून आणील असे काही नसते. नवा महामार्ग झाल्यावर बाजूला पडलेला जुना रस्ता पहिल्या प्रकारात मोडतो. डोंगराच्या पायथ्याशी संपणारा किंवा चार वाड्यांना वळसे घेत जोडणारा रस्ता दुसऱ्या प्रकारातला. याउलट दोन मोठ्या गावांमधले अंतर थोडे कमी करणारा अरुंद रस्ता कितीही हिरवागार असला तरी सकाळ-संध्याकाळ घाईत असलेल्या गाड्यांनी भरतो, आणि दगडखाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून दिवसभर अवजड वाहने धूळ उडवत राहतात.

याची परीक्षा घरबसल्या घेता येते. मनात असलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी मोठी गावे किंवा शहरे असतील, त्यांच्यामधला मोटारीचा मार्ग कोणत्याही दिशादर्शक ॲपला विचारावा. उत्तरात तो रस्ता पहिला किंवा दुसरा पर्याय म्हणून आला, तर तो मोटारचालकांनाही ठाऊक आहे असे समजावे. हाच प्रश्न कामावर जाण्या-येण्याच्या वेळी पुन्हा विचारावा, कारण मुख्य रस्ता तुंबला की ही ॲप्स वाहनांना आडरस्त्यांवर वळवतात आणि दुपारी निर्मनुष्य असलेला रस्ता सायंकाळी सहा वाजता ओळखू येत नाही. रस्ता निवांत असण्याचे कारण कळले की ते कारण कोणत्या वेळी लागू पडत नाही, हेही कळते. शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ, बाजाराचा दिवस, सुगीचा हंगाम, सुट्टीच्या दिवशी धरणाकडे किंवा धबधब्याकडे लोटणारी गर्दी या सगळ्यांचा अंदाज त्यातून बांधता येतो. रविवारी अवजड वाहने कमी असतात, पण पर्यटनस्थळाच्या वाटेवर रविवार हाच सर्वांत वाईट दिवस ठरतो.

आधी अडसर, मग रस्ते

नवखा सायकलस्वार निघण्याच्या ठिकाणापासून रेषा ओढायला सुरुवात करतो आणि दहा-पंधरा किलोमीटरवर नदीशी येऊन अडकतो. ग्रामीण भागात लहान रस्त्यांचा तुटवडा सहसा नसतो. तुटवडा असतो तो नदी, लोहमार्ग आणि महामार्ग ओलांडण्याच्या जागांचा. नदीच्या दोन्ही काठांवर आठ-दहा छोटे रस्ते येऊन थांबत असले तरी पूल एकच असतो, आणि आसपासची सगळी वाहतूक त्या पुलावर व त्याच्या दोन्ही अंगांच्या काही किलोमीटरांवर एकवटते. म्हणून काम उलट्या बाजूने करावे. ज्या परिसरात फिरायचे आहे तिथले असे सगळे अडसर नकाशावर पाहावेत, ते ओलांडण्याच्या सर्व जागांवर खुणा कराव्यात, त्यांतल्या शांत जागा निवडाव्यात आणि मग त्या जागा लहान रस्त्यांनी जोडत जावे. मार्गाचा आकार त्या खुणांवरून ठरतो. माझ्या मते संपूर्ण आखणीत सर्वाधिक वेळ इथेच द्यावा, कारण इथे चुकीची निवड झाली तर पुढची सारी निवांत वळणे तीच गजबज गाठण्यासाठी घेतल्यासारखी होतात.

ओलांडण्याची जागा शांत आहे की नाही, हे ओळखण्याच्या काही खात्रीच्या खुणा आहेत. महामार्गाखालून किंवा वरून जाणारा, पण महामार्गाला न जोडलेला रस्ता हा उत्तम पर्याय असतो. महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोय जिथे असते, तिथे चारही बाजूंची वाहने गोळा होतात, तर जिथे ती नसते तिथून फक्त अलीकडच्या-पलीकडच्या गावांतले लोक जातात. लोहमार्गाखालचा कमी उंचीचा बोगदा सायकलस्वारासाठी वरदानच असतो, कारण त्यातून मालमोटार जाऊच शकत नाही. वजनाची मर्यादा घातलेला जुना पूल, केवळ पादचारी आणि सायकलींसाठी ठेवलेला पूल, रहदारीला खुला असलेला बंधाऱ्यावरचा रस्ता यांचेही तसेच. नदी ओलांडणारी छोटी होडी किंवा फेरीबोट मार्गात घ्यायची असेल, तर ती कोणत्या ऋतूत आणि कोणत्या वेळेत चालते व सायकल घेते का, एवढे आधी विचारून घ्यावे. पाण्यातून जाणारा उतार, म्हणजे पूल नसलेली आणि पाण्यातूनच नदी ओलांडण्याची जागा, नकाशावर पुलासारखाच दिसू शकतो. पाणी घोट्याइतके असले तरी तळाच्या शेवाळावर चाक घसरते, म्हणून तिथे सायकल हाताने न्यावी, आणि पाणी वाहते व गढूळ असेल तर मागे फिरावे.

मुख्य रस्त्याचा एखादा तुकडा टाळताच येत नसेल, तर तो कसा पार करायचा हे आखतानाच ठरवावे. असा तुकडा चढाचा असण्यापेक्षा उताराचा असलेला बरा, कारण उतारावर सायकल आणि मोटार यांच्या वेगातला फरक कमी होतो. तो दिवसाच्या सुरुवातीला, रस्ता जागा होण्याआधी येईल असे पाहावे. छोटा रस्ता मुख्य रस्त्याला येऊन मिळतो आणि समोरचा छोटा रस्ता पन्नास-शंभर मीटर बाजूला सरकलेला असतो, अशा जागी दिशेला फार महत्त्व येते. वाहने डावीकडून चालतात त्या देशांत आधी उजवीकडे वळून मग डावीकडे आत शिरणे सोयीचे, कारण थांबायचे ते छोट्या रस्त्याच्या तोंडाशी. याच्या उलट क्रमात मुख्य रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडून गाड्या येत असताना, वाट पाहत उभे राहावे लागते. याच कारणाने अशा देशांत वर्तुळाकार मार्ग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरावा, म्हणजे बहुतेक वळणे डावी येतात. वाहने उजवीकडून चालतात तिथे हे सारे उलट करावे.

नकाशे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

२००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी तयार केलेला जागतिक नकाशा सायकलस्वारांच्या बहुतेक साधनांचा पाया आहे. त्यात रस्त्यांची प्रतवारी असते. गावांना जोडणारे टर्शरी आणि त्यांच्या खालचे अनक्लासिफाइड या दोन प्रतींचे रस्ते आपल्या कामाचे असतात. त्याखालच्या ट्रॅक या प्रतीत शेतात व जंगलात जाणाऱ्या वाटा येतात आणि त्यांवर पातळ टायरची सायकल चालेल याची हमी नसते. रस्त्याचा पृष्ठभाग डांबरी आहे, काँक्रीटचा आहे की खडीचा, ही नोंदही करता येते, पण ती अनेक रस्त्यांबाबत केलेलीच नसते. नोंद नसणे म्हणजे रस्ता चांगला असणे, असा अर्थ काढू नये. सायक्लओएसएम ही या नकाशाची सायकलस्वारांसाठी रंगवलेली आवृत्ती पृष्ठभाग आणि चढ एका नजरेत दाखवते. बीराउटर या मुक्त साधनात तर मुख्य रस्ते किती टाळायचे आणि चढ किती सोसायचा, हे स्वतःच ठरवता येते.

उपग्रहचित्रातून दोन गोष्टी तपासाव्यात. रस्त्याचा रंग आसपासच्या मातीसारखाच असेल तर तो बहुधा कच्चा असतो. मधोमध गवताची पट्टी दिसत असेल तर वाहने अगदी कमी आहेत, पण तिथे चाकांच्या दोन चाकोऱ्यांमधूनच जावे लागेल. रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रे मॅपिलरीसारख्या संकेतस्थळांवर मिळाली तर ती जरूर पाहावीत आणि त्यांवरची तारीखही पाहावी. दोन पावसाळ्यांपूर्वीच्या गुळगुळीत डांबराचे आज काय झाले असेल, ते चित्र सांगत नाही.

स्ट्राव्हासारख्या, सायकलफेऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपमधला, सायकलस्वार कुठून जातात हे रंगांनी दाखवणारा नकाशा उपयोगी आहे, पण त्याच्यावर फार विसंबू नये. तो लोकप्रियता दाखवतो, शांतता नव्हे. सराव करणाऱ्यांना सलग वेगाने जाता येईल असा रुंद रस्ता आवडतो आणि तोच नकाशात झळाळून दिसतो. त्यापासून दोन किलोमीटरवरचा, वळणावळणाचा आणि खरोखर निवांत रस्ता फिकट राहतो. मी हा नकाशा उलट वापरण्याच्या बाजूचा आहे. ज्यावर अगदी पुसट रेषा आहे त्या रस्त्यावरून सायकल जाते, याचा पुरावा म्हणून ती पुसट रेषा पुरेशी असते.

काही प्रदेशांत हे कष्ट आधीच कोणीतरी करून ठेवलेले आहेत. बेल्जियमच्या लिंबुर्ख प्रांतात ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याच्या कल्पनेतून १९९५ मध्ये क्रमांकित चौकांचे जाळे उभे राहिले. प्रत्येक चौकाला एक क्रमांक, आणि प्रत्येक चौकात शेजारच्या चौकांकडे जाणारे बाण. सायकलस्वाराने केवळ क्रमांकांची यादी हाताशी ठेवायची आणि हवा तेवढा लांब-आखूड मार्ग जुळवायचा. पुढे ही पद्धत नेदरलंड्समध्ये आणि जर्मनीच्या काही भागांत पसरली. युरोपभर जाणारे युरोवेलोचे लांब पल्ल्याचे मार्गही बऱ्याच ठिकाणी खुणांनी दाखवलेले आहेत, मात्र त्यांचे काही तुकडे अजून वर्दळीच्या रस्त्यांवरून जातात, तेव्हा ‘सायकलमार्ग’ हे नाव वाचून तपासणी सोडू नये.

चढ, वारा आणि वेळ

निवांत रस्ता बहुधा जास्त चढाचा असतो, ही गोष्ट फार जणांच्या उशिरा लक्षात येते. डोंगर कापून, भराव घालून चढ सौम्य करण्याचा खर्च मुख्य रस्त्यावर होतो, तर गावाकडचा जुना रस्ता टेकडी आली की सरळ तिच्या अंगावर चढतो. त्यामुळे सरासरी चढावर भरवसा ठेवू नये. ४ किलोमीटरमध्ये १६० मीटर चढ म्हणजे सरासरी ४ टक्के, आणि तो मजेत जाईल असे वाटते. पण त्यातलेच ५०० मीटर १२ टक्क्यांचे असले, तर ६० मीटर उंची तेवढ्यातच चढायची असते. कागदी नकाशावर समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटतात आणि रस्ता त्यांना आडवा छेदतो, तिथे हे तुकडे सापडतात.

संगणकाने काढलेला उंचीचा आलेखही डोळे झाकून स्वीकारू नये. अनेक साधनांची उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मधल्या अवकाशयानावरील रडार मोहिमेतून आलेली आहे. तिच्यात सुमारे ३० मीटर अंतरावरच्या बिंदूंची उंची असते. अरुंद घळीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर यातला एखादा बिंदू कड्यावर आणि पुढचा घळीत पडतो, आणि आलेखावर प्रत्यक्षात नसलेले दात उमटतात. बोगद्यावरचा डोंगर चढ म्हणून मोजला जातो, तर उंच पुलावर रस्ता दरीत उतरून वर येतो असे दिसते.

आपले गिअर त्या चढाला पुरतील का, याचा हिशेब सोपा आहे. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी होते, म्हणजे सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी साडेसात किलोमीटर होतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो वजन असेल, तर या वेगाने १० टक्क्यांचा चढ चढायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १७५ वॅट शक्ती लागते. एवढी शक्ती सलग काही मिनिटे देणे ज्यांना जड जाईल त्यांनी मागे आणखी मोठे चक्र बसवून घ्यावे किंवा उतरून चालावे. चालण्यात कमीपणा काहीच नाही.

चढ टाळायचाच असेल तर दोन जागा धुंडाळाव्यात. एक म्हणजे नदीच्या प्रवाहाला समांतर जाणारा काठावरचा रस्ता. दुसरी म्हणजे बंद पडलेल्या लोहमार्गाचा सायकलमार्ग झाला असेल तो, कारण आगगाडीला सोसवणारा चढ सहसा दोन-तीन टक्क्यांच्या आतच असतो.

वाऱ्याबाबत जुना नियम अजूनही खरा आहे. जाताना समोरून आणि येताना पाठीवर वारा घ्यावा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना समोरून तेवढाच वारा आला, तर अडथळा चौपट होतो, आणि दमल्यावर तो सोसत नाही. जमीन तापू लागली की वारा वाढतो आणि दुपारी तो सर्वांत जोरात असतो, म्हणून उघड्या माळावरचा भाग सकाळी आणि झाडीतला किंवा दरीतला भाग दुपारी यावा. सूर्याचाही विचार करावा. सूर्य खाली असताना आपण त्याच्याकडे तोंड करून जात असू, तर मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवरही तेच ऊन असते आणि त्याला आपण दिसत नाही. वर्दळीचा तुकडा सकाळी पूर्वेकडे किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून येऊ नये, अशी बेतणी करावी.

दिवसाचे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे तर तासांत ठरवावे. आडरस्त्यांवर वळणे, फाटे, खडबडीत तुकडे आणि नकाशा पाहण्यासाठीचे थांबे यांमुळे वेग मुख्य रस्त्यापेक्षा कमी पडतो. १०० किलोमीटरमध्ये १००० मीटर चढ असलेला दिवस सरावलेल्या माणसाला मध्यम वाटेल, पण २००० मीटर असतील तर तो वेगळाच दिवस असतो. मार्गाला शक्यतो इंग्रजी आठच्या आकड्याचा आकार द्यावा, म्हणजे मध्यावर निघण्याच्या ठिकाणाजवळून पुन्हा जाता येते आणि पाऊस, दमणूक किंवा बिघाड यांपैकी काहीही झाले तरी अर्ध्यावर घरी वळता येते.

प्रत्यक्ष रस्त्यावर

निवांत रस्त्यावरचा धोका हा सततचा नसतो, तो अचानक येतो. तासभर एकही वाहन न दिसल्याने आपण सैलावतो, आणि त्याच कारणाने समोरच्या वळणामागचा ट्रॅक्टरचालकही सैलावलेला असतो. एकच वाहन मावेल अशा रस्त्यावर आपल्याला जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा, कारण उरलेले निम्मे समोरून येणाऱ्याला थांबायला लागते. मागून येणाऱ्या वाहनाचा हिशेबही मनात असावा. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारीला वळणानंतर ६० मीटरवर ताशी २० ने जाणारी सायकल दिसली, तर दोघांमधले अंतर संपायला साडेपाच सेकंदही लागत नाहीत. म्हणून दाट झाडीत आणि वळणांवर कडेला अगदी चिकटून जाण्यापेक्षा थोडे आत, लांबून दिसेल असे चालवावे, आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. उंच पिकांमधून किंवा कुंपणांमधून निघणाऱ्या वाहनाच्या चालकाला पुढचे चाक रस्त्यावर येईपर्यंत काहीच दिसत नाही. शेताच्या तोंडाशी पडलेला ओला चिखल दिसला की तिथून वाहन आत्ताच गेले आहे किंवा पुन्हा येणार आहे, हे ओळखावे. त्या चिखलावर आणि वळणावर साचलेल्या बारीक खडीवर सायकल कलवू नये व ब्रेकही दाबू नये. वेग त्याआधीच कमी करावा. लोहमार्ग किंवा जनावरांना अडवणारी लोखंडी जाळी काटकोनात ओलांडावी.

गुरे रस्त्यावर असतील तर थांबून गुराख्याच्या इशाऱ्याची वाट पाहावी. घोड्याजवळून जाताना लांबूनच माणसाच्या आवाजात बोलत जावे, कारण घंटीने तो बुजू शकतो. कुत्रा अंगावर आला आणि उतारावर वेगाने निघून जाणे शक्य नसेल, तर उतरून सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये धरावी व हळूहळू चालत राहावे. त्याची हद्द संपली की तो सहसा थांबतो. वाटेत फाटक लागले तर ते उघडे होते तर उघडे आणि बंद होते तर बंद ठेवून पुढे जावे.

सामानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २८ ते ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर, दोन ट्यूब, पंप, टायर काढण्याच्या पट्ट्या, साखळी तोडता येईल असे बहुउपयोगी हत्यार आणि आपल्या साखळीला बसणारी जोडकडी एवढे हवेच. जोडकडी गिअरांच्या संख्येनुसार वेगळी असते, अकरा गिअरांच्या साखळीला नवाची बसत नाही. वस्ती विरळ असेल तिथे तासाला अर्धा लिटर पाण्याचा अंदाज धरावा आणि उन्हाळ्यात तो वाढवावा. तासाभरापेक्षा लांबच्या फेरीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, आणि पाणी मिळण्याची ठिकाणे नकाशावर आधीच टिपून ठेवावीत. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. उपग्रहांवरून आपली जागा कळण्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, पण नकाशाचे चित्र आधी साठवलेले नसेल तर कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका दिसत राहतो.

फेरी झाल्यावर नोंदलेली जीपीएक्स फाइल (मार्गाच्या बिंदूंची नोंद असलेली फाइल) आणि आखलेली फाइल एकावर एक ठेवून पाहाव्यात. जिथे त्या वेगळ्या झाल्या तिथे का वेगळ्या झाल्या, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. बंद फाटक, उखडलेला रस्ता, नकाशात नसलेला नवा पूल यांच्या नोंदी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोणालाही करता येतात, आणि पृष्ठभागाची नोंद नसलेल्या रस्त्यावरून आपण गेलो असू तर ती भरायला दोन मिनिटे लागतात. तोच मार्ग पुढे उलट दिशेने करायचा झाला, तर फाइल नुसती उलटी करून भागत नाही. एकेरी वाहतुकीचे रस्ते, सरकलेले चौक, मुख्य रस्त्याचा उतार आता चढ झाला आहे का, आणि ज्या तीव्र चढावर आपण हळूहळू वर गेलो होतो तो आता ओल्या रस्त्यावर उतरताना ब्रेकना पेलेल का, एवढ्या चार गोष्टी नव्याने तपासाव्या लागतात.